क्रमांक घसरला, वेळ सुधारली

जानेवारी २०१७ मध्ये झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात परभणीच्या ज्योती गवते यांनी पहिला क्रमांक पटकावला. ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर त्यांनी २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत पार केले. परभणीचे नाव राज्याच्या वृत्तपत्रांत येते ते बहुधा अवर्षणाच्या, पीकविम्याच्या किंवा रेल्वेच्या रखडलेल्या मागण्यांच्या निमित्ताने. त्या जिल्ह्यातील एका मुलीने देशातील धावपटूंना मागे टाकले याचे कौतुक झाले आणि ते व्हावयासच हवे होते. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, त्याच शर्यतीत त्या दुसऱ्या आल्या. २०१९ मध्येही दुसऱ्याच आल्या. मथळ्यांचा आणि सत्कारसमारंभांचा हिशेब क्रमांकावर चालतो. त्या हिशेबाने पाहिले तर ही एका विजेतीची घसरण होती.

घड्याळाचा हिशेब मात्र निराळा होता. २०१८ मध्ये त्यांची वेळ होती २ तास ५० मिनिटे ४७ सेकंद. म्हणजे ज्या शर्यतीत त्या जिंकल्या होत्या तिच्यापेक्षा सहा सेकंदांनी कमी. २०१९ मध्ये ती २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंदांवर आली. एका वर्षात जवळजवळ पाच मिनिटे, दर किलोमीटरमागे सुमारे सात सेकंद! हे सात सेकंद किती महाग असतात ते रोज धावणाऱ्यालाच कळेल. दोन्ही वर्षी त्यांच्या पुढे राहिल्या त्या रायबरेलीच्या सुधा सिंग. २०१० च्या आशियाई क्रीडास्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या या धावपटूने २०१९ ची मुंबईची शर्यत २ तास ३४ मिनिटे ५६ सेकंदांत जिंकली. २०२० मध्ये गवते पुन्हा दुसऱ्या आल्या. त्या वेळी त्यांना २ तास ४९ मिनिटे १४ सेकंद लागले. क्रमांक आदल्या वर्षीचाच, वेळ मात्र सुमारे साडेतीन मिनिटांनी अधिक. प्रगती झाली तेव्हा ती क्रमांकाने झाकली आणि पिछेहाट झाली तेव्हा तीही क्रमांकानेच झाकली. खरे काय घडले ते घड्याळानेच सांगितले.

व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः परभणी जिल्ह्यातील तरुण मुलामुलींनी, या चार वर्षांच्या आकड्यांचा विचार करावा असे आम्हांला वाटते.

दोन मापे

आज जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा या कोणत्याही तालुक्यात पहाटे फिरावयास निघालेल्या माणसाला रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात. काही पोलिसभरतीची तयारी करीत असतात, काही सैन्यभरतीची. पोलिसभरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटरची धाव आणि गोळाफेक. कोरडवाहू शेतीवर दोन भावांचेही भागत नाही अशा घरातील मुलाला ही नोकरी म्हणजे घराची घडी बसविण्याची एकमेव संधी वाटते. त्यामुळे या धावण्याला हौसेचे स्वरूप राहिलेले नाही. त्यात आईबापांची आशा, बहिणीचे लग्न, सावकाराचे किंवा बँकेचे कर्ज, असे सारे काही गुंतलेले असते.

या मुलांसमोर स्वतःला मोजण्याची दोन मापे असतात. एक माप शेजारी धावणाऱ्याचे. तो पुढे गेला की आपण मागे पडलो, आपण पुढे गेलो की जिंकलो. दुसरे माप आपल्याच कालच्या दिवसाचे. पहिले माप डोळ्यांना चटकन दिसते म्हणून सारे ते वापरतात. पण त्यात एक मोठा दोष आहे. ते दुसऱ्याच्या हाती असते. शेजारी आळशी असेल तर आपण काहीही न करता शूर ठरतो. तो असामान्य असेल तर प्राण ओतूनही नादान ठरतो. गावच्या जत्रेत कुस्त्यांची जोड लावताना पंच दोघांचे वजन, वय आणि तयारी पाहतात, तेव्हाच ती कुस्ती पाहण्यासारखी होते. व्यायामात अशी बरोबरीची जोड रोज मिळेल याची खात्री फक्त एकाच प्रतिस्पर्ध्याबाबत देता येते. तो म्हणजे गेल्या महिन्यातील आपण स्वतः.

क्रमांकाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. भरती क्रमांकावरच होते, पदक क्रमांकालाच मिळते. परंतु क्रमांक हे फळ आहे, ते एका दिवशी लागते. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस माणसाने कशाकडे पाहून चालावे, हा प्रश्न आहे; आणि तेथे दुसरे मापच उपयोगी पडते.

विनय म्हणजे काय?

आपल्या व्यायामपरंपरेत नम्रतेचे संस्कार जागोजागी आहेत. तालमीत उतरणारा मुलगा आधी हौद्याची माती कपाळाला लावतो. वस्तादाच्या पायांना हात लावल्याखेरीज जोर-बैठकांना प्रारंभ होत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या व्यायामाचा आयुष्यभर प्रसार केला, त्याचे तर नावच नमस्कार. मातीपुढे, गुरूपुढे, सूर्यापुढे वाकणे हा व्यायामाचा पहिला पाठ, असे आपल्या पूर्वजांनी ठरवून टाकले होते.

तथापि केवळ वाकण्याने माणूस विनयशील होत नाही, हेही खरे आहे. माती कपाळाला लावून आखाड्यात उतरलेला पहिलवान नवख्या पोराला मुद्दाम आपटतो, आणि वस्तादाच्या पाया पडणारा शिष्य त्याची सूचना या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतो, हे दृश्य काही दुर्मिळ नाही. मग व्यायामातील विनयाची ओळख कोणती? आमच्या मते, आज आपण नेमके कोठे आहोत याचे अचूक ज्ञान आणि ते मान्य करण्याचे धैर्य, हाच तो विनय. दहा बैठकांनंतर पाय थरथरतात तर ते थरथरतात. शंभरांची बढाई मारून ते थांबणार नाहीत. १,६०० मीटरला सात मिनिटे लागतात तर सात लागतात. घड्याळ मित्राच्या हातात देऊन ‘साडेसहाच झाली असतील’ असे म्हणवून घेण्याने भरतीच्या मैदानावरचे घड्याळ फसत नाही. आपले आजचे ठिकाणच ज्याला मान्य नाही, त्याला पुढचे पाऊल कोठे टाकावयाचे ते तरी कसे कळावे?

येथे एक आक्षेप घेतला जाईल. खेळाडूच्या अंगी खुमखुमी हवी, मी सर्वांना हरवीन ही ईर्ष्या हवी. विनयाचे धडे देऊन तुम्ही त्याची रगच काढून घेत आहात. आक्षेप टाकाऊ नाही. ईर्ष्येवाचून पहाटे चारला अंथरूण सोडवत नाही. पण ईर्ष्या आणि आत्मवंचना यांत फरक केला पाहिजे. ज्याच्या वहीत सहा महिन्यांच्या वेळा प्रामाणिकपणे नोंदलेल्या आहेत, आणि त्या सातवरून साडेसहावर, साडेसहावरून सहावर आलेल्या आहेत, त्याचा आत्मविश्वास भरतीच्या दिवशी हजारोंची गर्दी पाहून डळमळत नाही. पोकळ रगीचा फुगा पहिल्याच वळणावर फुटतो. विनयाने ईर्ष्येला पाया मिळतो.

उलट, विनयाच्या नावाखाली आपल्याकडे जी एक निरुत्साही वृत्ती खपते, तिचाही समाचार घेतला पाहिजे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण महाराष्ट्रभर ऐकू येते आणि परभणीकरही ती हसतहसत सांगतात. जमले तर जमले, नाहीतर आपले गाव आहेच, असा तिचा सूर. विनोद म्हणून ती गोड आहे. जीवनाचे सूत्र म्हणून घातक आहे. ‘आम्ही आपले साधे लोक, आमच्याने काय होणार’ असे म्हणणारा नम्र नसतो, तो कष्टातून सुटका मागत असतो. स्वतःला वाजवीपेक्षा मोठे समजणे जसे चूक, तसे वाजवीपेक्षा लहान समजणेही चूकच. दोन्हींत माप चुकते. याच जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. दळणकांडणाच्या कामाला यत्किंचितही कमी न लेखणाऱ्या या स्त्रीची नम्रता कष्ट टाळण्याची नव्हती, कष्टांतूनच वर आलेली होती, हे परभणीकरांना नव्याने सांगावयास नको.

शरीराचा कायदा

विनय ही केवळ नीतीची बाब असती तर तिच्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. व्यायामात ती शरीरशास्त्राची बाब आहे. शरीर सुधारते कसे? नेहमीपेक्षा थोडा अधिक भार पडला की स्नायू, हृदय आणि फुप्फुसे यांच्यावर ताण येतो; नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत शरीर त्या ताणाला पुरे पडेल इतके स्वतःला दुरुस्त करते. मग तोच भार हलका वाटू लागतो आणि आणखी थोडा वाढविता येतो. म्हणजे भार हवा आणि विश्रांतीही हवी. नुसता भार टाकणारा शरीर मोडतो, नुसती विश्रांती घेणारा ते गंजवितो.

यात आणखी एक बारकावा आहे आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचा घात तोच करतो. शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. काही आठवड्यांतच दम वाढतो, धावणाऱ्याला आपण पक्ष्यासारखे हलके झालो असे वाटू लागते. पण हाडे आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे यांना मजबूत होण्यास पुष्कळ अधिक काळ लागतो. दम आला म्हणून अंतर एकाएकी दुप्पट केले की नडगीचे हाड ठणकू लागते. तरीही दामटले तर त्याला बारीक चीर जाते आणि ऐन चाचणीच्या वेळी मुलगा खाटेवर पडतो. येथे शरीर ‘थांब’ म्हणत असते. ते ऐकण्याची तयारी हाही विनयच. क्रोटोनच्या मायलो नावाच्या प्राचीन ग्रीक मल्लाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्याने एक वासरू रोज खांद्यावर घेण्याचा क्रम ठेवला. वासराचा बैल झाला तेव्हा तो बैलही त्याच्या खांद्यावर होता. कथा खरी असो वा नसो, गोठ्यात वासरू पाहिलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला तिचे मर्म चटकन समजेल. वासरू एका रात्रीत बैल होत नाही, म्हणूनच ते उचलता येते.

मराठवाड्याच्या उन्हाचाही स्वतंत्र विचार केला पाहिजे. उन्हाळ्यात परभणीचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा हवेत शरीराला रुळण्यास एक-दोन आठवडे लागतात; त्याआधी भर उन्हात जोर लावणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादनशुल्क विभागाच्या शिपाईभरतीत एका तासात दहा किलोमीटर धावण्याची चाचणी होती. त्या भरतीत दहाहून अधिक उमेदवार मृत्युमुखी पडले. नोकरीसाठी गेलेली मुले परत आली नाहीत. त्यांच्या मृत्यूची कारणे काय आणि जबाबदारी कोणाची यावर वाद झाले, ते व्हावयासही हवेत. पण सरकारने ठरविलेली तारीख आणि शरीराने मागितलेला अवधी यांचा मेळ बसला नाही तर किंमत कोण देतो, हे त्या घटनेने दाखवून दिले. ती उमेदवारच देतो.

सहाव्या क्रमांकानंतर

महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात या विषयाचा सर्वांत मोठा पाठ कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी घालून दिला आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते कुस्तीच्या फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती. या परिस्थितीत जगात सहावा क्रमांक हा आयुष्यभर छाती फुगवून सांगण्याजोगा पराक्रम होता, आणि अपुऱ्या साधनांची तक्रार करावयाची तर तीही रास्त ठरली असती. खाशाबांनी सहाव्या क्रमांकाचा अर्थ निराळा लावला. आपल्याला काय येत नाही ते त्यांना लंडनला कळले होते. पुढची चार वर्षे त्यांनी तयारीला दिली आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे वरच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरून कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे ते पोलीसदलात दाखल झाले, हे पोलिसभरतीच्या उमेदवारांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

त्याच हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता. जगाने डोक्यावर घेतलेल्या या धावपटूने १९६० च्या दशकात, अनेक जागतिक विक्रम करूनही ऑलिंपिक सुवर्ण न लाभलेल्या ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कला, आपले एक सुवर्णपदक देऊन टाकले. क्लार्कचे मोठेपण त्याला पदकांच्या यादीत शोधावे लागले नाही. स्वतः झिजलेल्या माणसाला दुसऱ्याचे झिजणे ओळखता येते.

जवळचे उदाहरण हवे असेल तर शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातील मांडवा गावात ते सापडेल. अविनाश साबळे हे तेथील साध्या घरातले. बारावीनंतर सैन्यात गेले, सियाचीनसारख्या ठिकाणी त्यांनी नोकरी केली आणि सैन्यातच त्यांच्या धावण्याला खरे वळण लागले. तीन हजार मीटर स्टीपलचेस या प्रकारात अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. त्यातला गोपाळ सैनी यांचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून अबाधित होता. २०१८ मध्ये साबळे यांनी तो ८ मिनिटे २९.८० सेकंदांवर आणला. म्हणजे सदतीस वर्षांनी एका सेकंदाहून थोडी अधिक सुधारणा. पुढे ते स्वतःचाच विक्रम पुनःपुन्हा मोडीत गेले. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. क्रमांकाच्या हिशेबाने ते अपयश होते. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्यांनी रौप्यपदक घेतले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ०९.९१ सेकंद, आणि पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकची अंतिम फेरी, जेथे ते अकरावे आले. सहा वर्षांत सुमारे वीस सेकंद. राष्ट्रीय विक्रमवीर झाल्यावर ज्याला देशात जोड उरली नाही, त्याने प्रतिस्पर्धी म्हणून स्वतःलाच निवडले, आणि जगातील श्रेष्ठांत आपण अकरावे आहोत हे मान्य करावयास तो लाजला नाही.

आडवाट

हा मार्ग लांबचा आहे, आणि लांबच्या मार्गाशेजारी आडवाट असतेच. आज तालुक्याच्या गावीही व्यायामशाळांची दुकाने थाटली गेली आहेत. आरशासमोर उभे राहून दंडांचा घेर पाहणे हाच तेथील अनेकांचा व्यायाम. डब्यातल्या भुकटीने सुरुवात होते आणि काहींच्या बाबतीत ती इंजेक्शनांपर्यंत जाते. काय टोचले जात आहे ते टोचणाऱ्यालाही धड ठाऊक नसते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या अहवालात, पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत दोषी नमुन्यांचे सर्वाधिक प्रमाण भारताचे होते: ५,६०६ नमुन्यांत २१३, म्हणजे ३.८ टक्के. ही नोंद झालेल्या खेळाडूंची गोष्ट. भरतीच्या मैदानांवर आणि गल्लीतल्या व्यायामशाळांत काय चालते याचा हिशेब कोणीच ठेवीत नाही.

उत्तेजकांचे दुष्परिणाम, म्हणजे यकृत आणि हृदयाची हानी, प्रजननशक्तीवरील आघात, डॉक्टर सांगतातच. आम्हांला येथे दुसऱ्या नुकसानीकडे लक्ष वेधावयाचे आहे. ज्याने इंजेक्शन घेतले त्याचे माप कायमचे खोटे ठरते. सुधारलेली वेळ त्याची की औषधाची, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. जगाला फसविणे पुढचे. आधी तो स्वतःची वही फसवितो. आडवाटेच्या मुळाशी अहंकारच असतो: मी जेथे नाही तेथे आहे असे दिसावे, हा हव्यास.

परभणीला सुधारणेची दुसरी एक रीत माहीत आहे. १९७२ मध्ये येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात तयार झाली. त्या काळी लोकप्रिय असलेल्या ‘पुसा सावनी’ या जातीवर केवडा रोग पडू लागला होता. संशोधकांनी तिचा भेंडीच्या एका रानटी जातभाईशी संकर केला आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत रोगाला दाद न देणारे वाण हाती आणले. दर हंगामात पेरायचे, पाहायचे, नोंदायचे, निकस ते काढून टाकायचे आणि पुन्हा पेरायचे. आपले वाण रोगाला बळी पडते हे आधी मान्य केले म्हणूनच नवे वाण निघाले. व्यायामाची रीत याहून वेगळी नाही.

गरजवंताचा प्रश्न

या सर्व विवेचनावर एक कठोर प्रश्न विचारता येतो, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून हा लेख अप्रामाणिक ठरेल. भरतीची जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. निघाली की तयारीला अवधी नाही. वयोमर्यादा उलटत चाललेली. अशा मुलाला ‘घाई करू नकोस, कालच्या स्वतःशी स्पर्धा कर’ असे सांगणे हा भरल्यापोटीचा उपदेश नव्हे काय?

प्रश्न रास्त आहे. म्हणूनच उपदेशाचा अर्धा भाग शासनाला उद्देशून केला पाहिजे. भरतीचे वेळापत्रक पुरेसे आधी जाहीर व्हावे आणि ते पाळले जावे; ऐन उन्हात चाचण्या घेऊ नयेत; मैदानावर पाणी, सावली आणि डॉक्टर असल्याखेरीज शिट्टी वाजू नये. एवढे करावयास फार मोठी तिजोरी लागत नाही. जिल्ह्यानेही आपला वाटा उचलावा. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मोजून आखलेली मातीची धावपट्टी आणि पहाटे दोन तास दिवे, इतके जरी झाले तरी मुले महामार्गाच्या कडेला ट्रकांच्या झोतात धावणार नाहीत. मुलींच्या बाबतीत तर हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. एका ज्योती गवतेंचा सत्कार करून हार घालणे सोपे आहे. तिच्यामागून धावू इच्छिणाऱ्या मुलीला अंधारात एकटे धावावे लागू नये, अशी व्यवस्था करणे हा खरा सत्कार.

शिकविणाऱ्यांकडूनही विनयाची अपेक्षा आहे. भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या संस्था गावोगावी निघाल्या आहेत. शंभर मुलांना एकाच शिट्टीवर एकाच वेगाने पळविणारा आणि मागे पडणाऱ्याला सर्वांसमक्ष टोमणे मारणारा शिक्षक मुलांना दम देत नाही, दमवितो. जुना वस्ताद कोणाला किती जोर झेपतील हे मुलाच्या अंगाकडे पाहून ठरवीत असे. मला सगळे कळते, असे मानणाऱ्या शिक्षकाला शिष्याची दुखरी नडगी कधीच दिसत नाही.

उमेदवाराने करावयाचे तेही उरतेच. जाहिरातीची वाट न पाहता प्रारंभ करणे त्याच्या हाती आहे. समजा, आज त्याला १,६०० मीटरला सात मिनिटे लागतात. दर पंधरवड्यास पाच सेकंद कमी करण्याचा संकल्प त्याने केला, तर चोवीस आठवड्यांत साठ सेकंद कमी होतील आणि तो सहा मिनिटांवर येईल. पाच सेकंद ऐकावयास क्षुल्लक वाटतात. एका महिन्यात एक मिनिट कमी करू पाहणारा मात्र बहुधा दुसऱ्या महिन्यात मैदानावर नसतो. सहा मिनिटांच्या पुढे प्रत्येक सेकंद अधिक कष्टाचा होईल आणि एखादा पंधरवडा कोराही जाईल. अशा वेळी वहीतील मागची पाने धीर देतात. ज्याने वेळेवर प्रारंभ केला त्याला धीर धरणे परवडते. घाईची पाळी उशिरा निघालेल्यावर येते.

आणि समजा, इतके करूनही निवड झाली नाही, तर? जागा मोजक्या आणि उमेदवार अगणित, त्यामुळे बहुसंख्य मुलांच्या वाट्याला हेच येणार, हे स्पष्ट बोलले पाहिजे. केवळ क्रमांकासाठी धावलेल्याजवळ त्या दिवशी काहीही उरत नाही. तो दुसऱ्या दिवसापासून धावणे सोडतो आणि पुष्कळदा व्यसनाच्या किंवा वैफल्याच्या आहारी जातो. स्वतःच्या वेळेशी झुंजलेल्याजवळ निरोगी शरीर, पहाटे उठण्याची सवय आणि मी ठरवून स्वतःत बदल घडवू शकतो हा अनुभव शिल्लक राहतो. शेतात, दुकानात, कारखान्यात, कोठेही हे भांडवल चालते. घरच्यांनी आणि गावकऱ्यांनीही निकालाच्या दिवशी ‘लागला की नाही’ एवढेच न विचारता ‘वेळ किती आली’ असे विचारण्याची सवय लावून घेतली, तर अपयशाने खचलेल्या कितीतरी मुलांना घरी परतताना मान खाली घालावी लागणार नाही.

तेव्हा परभणीच्या प्रत्येक धावणाऱ्या मुलामुलीने आजच दहा रुपयांची एक वही विकत घ्यावी. तीत तारीख, अंतर आणि वेळ एवढेच लिहावे. खोटे एक अक्षर लिहू नये. वेळ वाढली तर वाढलेली लिहावी, कमी झाली तर कमी झालेली लिहावी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जावे.